मधमाशीची कमाई सांगणारे कुमारप्पा



आपल्या जिल्ह्यातून वर्धा नदीचा पूल ओलांडला की वर्धा जिल्हा लागतो. तिथल्या मगनवाडीत राहून खेड्यांसाठी झिजलेल्या एका थोर पुरुषाची माहिती मी लिहीत आहे. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला ते हिशेबतपासनीस झाले. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. मुंबईत त्यांचे काम छान चालले होते. पण १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि सारं पालटलं. विलायती कपडे गेले, खादी आली. गुजरातेतील मातर तालुक्यात गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांच्या गरिबीची पाहणी केली. स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला.

१९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीला मधमाश्या पाळणे हाही संघाचा एक उद्योग होता.

१९४२ च्या चळवळीनंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कमाईचे प्रकार सांगितले आहेत. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड झाड न लावताच फळं ओरबाडतं. मधमाशी मात्र फुलातला रस घेते आणि परागकण दुसऱ्या फुलाला पोचवते. तिच्यामुळे फळ धरतं.

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा माझी मान खाली गेली. आमच्या धुऱ्यावरच्या बाभळीचं मोहोळ मी आणि दादानं टेंभा लावून जाळलं होतं. मध निघाला फक्त पेलाभर. त्यानंतर कोहळ्याच्या वेलाला फुलं खूप आली, पण बारकी फळं पिवळी पडून गळू लागली. बाबांनी शेणखत टाकलं. तरी तेच.

मग गुरुजींनी शाळेच्या वेलावर आम्हाला दाखवलं. मादी फुलाच्या बुडाशी इवलंसं कोहळं असतं. दोन मादी कळ्यांवर आदल्या सांजेला पातळ फडक्याच्या पिशव्या बांधल्या. माश्या आत जाऊ शकल्या नाहीत. ती दोन्ही गळली. तिसऱ्या कळीला पिशवी बांधली, पण सकाळी सोडून नर फुलातली पिवळी भुकटी आम्ही हातानं लावली. ते फळ धरलं! जे काम मी एका फुलावर केलं, ते माश्या पहाटेपासून शेकडो फुलांवर करतात, आणि मजुरी मागत नाहीत.

मी बाबांना सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. आता वेल फुलोऱ्यावर असताना ते सकाळी फवारा मारत नाहीत.

कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी वारले. तो गांधीजींच्या पुण्यतिथीचा दिवस होता.

यंदा बाभळीवर पुन्हा मोहोळ बसलं आहे. दादा आणि मी रोज लांबूनच पाहतो. तुमच्या वावरात मोहोळ असेल तर टेंभा लावू नका, एवढंच माझं सांगणं.