नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगार

रत्नागिरी, साताऱ्याकडून पोटासाठी मुंबईस आलेल्या गिरणी कामगारांचे हाल नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांनी मांडवीच्या गिरणीत कोठीवर नोकरी करताना पाहिले. १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक या नात्याने त्यांनी तेच लेखनाचा विषय केले. १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारी आयोगापुढे ठेवले. काम सकाळी ६.३० वाजता सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, दुपारी अर्धा तास विश्रांती, रविवारी सुटी, १५ तारखेपर्यंत पगार व जायबंदी झाल्यास भरपाई मिळावी, एवढेच मागणे. सूर्यास्ताची सुटकाही मागून घ्यावी लागे, यातच गिरणीतील जिणे कळते. रविवारची सुटी मिळण्यास १८९० उजाडले. १८९७ मध्ये, प्लेगच्या साथीत, लोखंडे निवर्तले.