पर्वतमाथ्यांचे आश्रित : जोसेफ हुकर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव. सभोवती सपाट भातखाचरे. कडाक्याची थंडी तेथे ठाऊकच नाही. परंतु कावेरीला मिळणारी भवानी नदी ज्या निलगिरीत उगम पावते, त्या पर्वताच्या उंच माथ्यांवर तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन वृक्ष वाढतो. त्याचे निकटचे आप्त सुमारे दोन हजार किलोमीटर दूर हिमालयात आहेत. मधल्या उष्ण मैदानात तो जगत नाही. मग तो दोन्हीकडे कसा? अशा कोड्यांचा ध्यास ज्यांनी आयुष्यभर घेतला, त्यांत जोसेफ डाल्टन हुकर यांचे नाव अग्रभागी आहे.

हुकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील हेल्सवर्थ येथे झाला. वडील विल्यम हुकर ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जोसेफ यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १८३९ मध्ये ते दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावर रुजू झाले. चार वर्षांच्या त्या सफरीत त्यांनी दूरदूरच्या बेटांवरील वनस्पती गोळा केल्या. परतल्यावर चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला, तो अखेरपर्यंत टिकला.

१८४८ मध्ये हुकर भारतात आले. सिक्कीम व पूर्व नेपाळच्या दऱ्याखोऱ्यांत ते फिरले. १८४९ मध्ये सिक्कीममध्ये त्यांना काही आठवडे कैदही सोसावी लागली; पण संग्रहाचे काम त्यांनी सोडले नाही. नेपाळच्या यांगमा खोऱ्यात त्यांना दगडमातीचे प्रचंड बांध दिसले. हिमनदी वाहताना दगडमाती पुढे ढकलते व वितळताना मागे ठेवते. त्या ढिगाऱ्यास हिमोढ म्हणतात. त्या काळच्या हिमनद्या मात्र कितीतरी वर होत्या. एके काळी बर्फ बरेच खाली उतरले होते, याची ती साक्ष होती.

१८६० च्या शरद ऋतूत ते लेबनॉनला गेले. तेथील प्रसिद्ध सीडर वृक्ष, म्हणजे आपल्या देवदाराचे भाऊबंद, एका जुन्या हिमोढावरच उभे असल्याचे त्यांनी पाहिले. वृक्ष सुमारे चारशेच होते आणि त्यांच्याखाली नवे रोप वाढताना दिसत नव्हते. पूर्वी हवा थंड असताना ही अरण्ये दूरवर पसरलेली असावीत; ऊब वाढल्यावर ती आक्रसून डोंगरावर उरली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्याच वर्षी त्यांनी उत्तर ध्रुवाकडील वनस्पतींवरील निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर केला. डार्विन यांचा विचार त्यांनी त्यात पुढे नेला. थंडी वाढली तेव्हा वनस्पती दक्षिणेकडे सरकल्या. ऊब परतली तेव्हा काही उत्तरेस गेल्या, तर काही पर्वत चढून माथ्यांवर राहिल्या. ग्रीनलंडच्या वनस्पतींना मात्र दक्षिणेस सरकायला जमीनच नव्हती. पुढे समुद्र होता. म्हणूनच तेथे जाती थोड्या उरल्या, असे त्यांनी मांडले. जगणे केवळ काटकपणावर नव्हे, तर आसरा मिळण्यावरही अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१८६५ ते १८८५ या काळात हुकर क्यू येथील वनस्पती उद्यानाचे संचालक होते. भारतातील वनस्पतींची माहिती देणारा सात खंडांचा ग्रंथ त्यांनी अनेक सहकाऱ्यांसह १८७२ ते १८९७ या काळात सिद्ध केला. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे निलगिरीच्या दलदलींतील जुन्या थरांचा अभ्यास झाला. हिमयुगाच्या थंड व कोरड्या काळी तेथे गवत पसरले आणि ओलसर काळी वने वाढली, असे त्यातून दिसून आले. या वनांना शोला म्हणतात. ओलाव्याच्या घळींत ती आजही तग धरून आहेत. त्यांनी धरून ठेवलेले पाणी भवानीवाटे कावेरीला मिळते.

आज पृथ्वी पुन्हा तापत आहे. खालच्या उतारावरील वनस्पतींना वर सरकता येईल. पण माथ्यावरील वनस्पतींना त्याहून वर डोंगर नाही. ग्रीनलंडच्या वनस्पतींपुढे समुद्र होता, यांच्यापुढे केवळ आकाश आहे. म्हणून उरलेला आसरा राखणे हे आपले कर्तव्य ठरते.