लक्ष्मीबाई टिळक
लक्ष्मीबाई नारायण टिळक (१८६८ – १९३६) या मराठी लेखिका व कवयित्री होत्या. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. बालवयातच त्यांचा विवाह कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती हयात असूनही लक्ष्मीबाई एकाकी झाल्या. लहान मुलगा दत्तू याच्यासह त्यांनी पुढील काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आरंभी आपले सोवळे सांभाळले. जातिभेदाची निरर्थकता स्वतःला पटल्यावरच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा वियोग कडवटपणा न आणता, नर्मविनोदाने कथन केला. मागे राहिलेल्या पत्नीची बाजू तिच्याच शब्दांत मांडणारा हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य मानला जातो.