विश्लेषण : कागदाच्या सुरळीतून स्टेथोस्कोप कसा जन्मला? छातीतले आवाज ओळखायला शिकवणाऱ्या रेने लेनेक यांची गोष्ट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की युनिफॉर्मसोबत हमखास विकत घेतली जाणारी वस्तू म्हणजे स्टेथोस्कोप. तो गळ्यात आला की घरचे फोटो काढतात. पण कानाला लावल्यावर पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. श्वास, कपड्यांची सरसर, स्वतःच्याच हाताचा आवाज, सगळे एकत्र. क्रॅकल्स, व्हीज, ऱ्हॉन्काय ही नावे परीक्षेपुरती पाठ होतात आणि वॉर्डात गोंधळ उडतो. या आवाजांची पहिली शिस्तशीर मांडणी ज्याने केली, त्या फ्रेंच डॉक्टरचे आयुष्य समजून घेतले, तर हा गोंधळ थोडा कमी होऊ शकतो. रेने लेनेक यांनी तीन वर्षे क्षयरोग्यांच्या छातीला कान लावला आणि वयाच्या ४५व्या वर्षी त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला.

लेनेक कोण होते?

१७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावात त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असताना आई गेली. वडील वकील होते, कवितेची हौस असलेले, पण पैसा आणि मुले दोन्ही सांभाळता न येणारे. त्यामुळे लहानगा रेने नांत शहरात काकांकडे आला. काका गियोम लेनेक डॉक्टर होते आणि वैद्यकाचे शिक्षकही. मुलाचे बाप खऱ्या अर्थाने तेच झाले.

काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. नांतमध्ये गिलोटिनवर माणसे मारली जात होती, लुआर नदीत बुडवली जात होती. अशा शहरात, वयाच्या चौदाव्या वर्षी हा मुलगा काकांच्या हाताखाली रुग्णालयात जखमा बांधायला लागला. म्हणजे त्यांची सुरुवात आज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवल्या जाणाऱ्या ड्रेसिंगपासूनच झाली. १८०१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि दोनच वर्षांत वैद्यक व शल्यक्रिया दोन्हींत पहिले पारितोषिक मिळवले. अंगकाठी ठेंगणी, हडकुळी. वारंवार दम लागायचा. विरंगुळा म्हणून बासरी वाजवायचे. सुराचा कान त्यांना पुढे उपयोगी पडला असणार, असे मला वाटते.

त्याआधी छातीचा आजार कसा ओळखायचे?

बहुतेक वेळा रुग्णाला विचारून. दम लागतो का, खोकल्यात रक्त येते का, दुखते कुठे. नाडी पाहायची, जीभ पाहायची आणि अंदाज बांधायचा. ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये एक पद्धत मांडली होती : छातीवर बोटांनी ठोकून पाहायचे. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी किंवा घट्टपणा असेल तिथे बद्द आवाज. ते एका खानावळवाल्याचे चिरंजीव होते. पिंपात दारू किती उरली हे ठोकून पाहण्याची रीत त्यांनी घरीच पाहिली होती, असे सांगतात. त्यांच्या पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा ही पद्धत रूढ झाली. लेनेक याच कोर्व्हिसार यांचे विद्यार्थी.

दुसरा मार्ग होता छातीला थेट कान लावण्याचा. तो प्राचीन ग्रीक वैद्यांनाही माहीत होता. पण अस्वच्छ, उवांनी भरलेल्या रुग्णाच्या छातीला कान लावणे डॉक्टरला नको असे आणि स्त्री रुग्णांच्या बाबतीत ते सभ्यतेला धरून नसे.

१८१६ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी लेनेक पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रुजू झाले. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल, त्यामुळे ठोकून काही समजेना. तरुण बाई, त्यामुळे कान लावता येईना. तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला कान लावून दुसऱ्या टोकाला कोणी टाचणीने खरवडले, तर तो बारीक आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी जवळचे कागद घेतले, घट्ट सुरळी केली, एक टोक तरुणीच्या छातीवर आणि दुसरे स्वतःच्या कानावर ठेवले. हृदयाचे ठोके थेट कान लावल्यावर यायचे त्यापेक्षाही नीट ऐकू आले.

लूव्हरच्या अंगणात मुलांना असा खेळ खेळताना पाहून त्यांना हे सुचले, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण लेनेक यांनी स्वतः लिहिताना एवढेच नोंदवले की ध्वनीबद्दलची ही सर्वांना ठाऊक असलेली बाब आपल्याला आठवली. मुलांचा खेळ नंतर जोडला गेला असावा.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर यात जादू काही नाही. मोकळ्या हवेत आवाज चहूबाजूंनी पसरतो आणि लगेच क्षीण होतो. नळीत तो पसरू शकत नाही, एका दिशेने कानापर्यंत येतो, शिवाय बाहेरचा गोंगाट थोडा अडतो. नळी आवाज फार वाढवत नाही, वाया जाऊ देत नाही.

नंतर त्यांनी कागद, वेत, काच, धातू असे बरेच काही वापरून पाहिले आणि हलक्या लाकडावर थांबले. सुमारे एक फूट लांबीचा, मधोमध आरपार भोक असलेला, दोन तुकडे जोडून होणारा गोल दांडा. लेथवर ते स्वतःच असे दांडे कातत. बोलताना ते त्याला नुसते सिलिंडर म्हणत. स्टेथोस्कोप हे नाव ग्रीक शब्दांवरून आले : छाती आणि पाहणे. ऐकण्याच्या यंत्राला पाहण्याचे नाव.

मग मोठे काम कोणते? यंत्र की यादी?

यादी. सुरळी कोणालाही सुचली असती. त्यातून येणारा कोणता आवाज म्हणजे शरीरात नेमके काय बिघडले आहे, हे ठरवणे अवघड होते. एक्स-रे यायला अजून जवळपास ८० वर्षे होती. तपासून पाहायला एकच जागा होती, शवविच्छेदनाचे टेबल. लेनेक रुग्णाच्या छातीचा प्रत्येक भाग ऐकत, जिवंतपणीच सगळे लिहून ठेवत. रुग्ण गेला की छाती उघडून आपली नोंद बरोबर होती का ते पाहत. नेकरमध्ये रुग्ण बहुतेक गरीब आणि क्षयाचे प्रमाण प्रचंड, त्यामुळे पडताळणीला वाट पाहावी लागत नसे. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण आपण ज्याला पुरावा म्हणतो तो असा जमला.

तीन वर्षांनी, १८१९ मध्ये, त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यासोबत थोडे जास्त पैसे मोजून स्टेथोस्कोपही विकत घेता येत असे. ग्रंथातली वर्णने रोजच्या जगण्यातली आहेत. न्यूमोनियाच्या सुरुवातीला येणारा आवाज कसा? तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर तडतडते तसा. हेच आजचे फाइन क्रॅकल्स. फुप्फुसाच्या छोट्या पिशव्यांमध्ये द्रव भरला की त्या मिटतात आणि श्वास आत येताना फट्कन उघडतात, त्याची ही तडतड. मोठ्या श्वासनलिकेत कफ अडकल्यावर येणारा घोगरा आवाज त्यांना कवड्याच्या घुमण्यासारखा वाटला. तो ऱ्हॉन्कस. फुप्फुसाभोवती पाणी साठले असेल तर रुग्णाचे बोलणे स्टेथोस्कोपमधून बकरीच्या बें-बें सारखे थरथरते. त्याला त्यांनी इगोफोनी म्हटले, ग्रीकमध्ये बकरीचा आवाज. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथून रुग्णाचे शब्द थेट कानात बोलल्यासारखे येतात.

एक बारीकशी गोष्ट नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. या आवाजांसाठी लेनेक यांनी आधी राल हा फ्रेंच शब्द वापरला. पण सामान्य माणसाला त्याचा अर्थ मरताना घशात लागणारी घरघर असा माहीत होता. खाटेशी उभे राहून विद्यार्थ्यांना तो शब्द सांगितला, तर ऐकणारा रुग्ण हादरून जाईल. म्हणून रुग्णासमोर त्यांनी ऱ्हॉन्कस हा लॅटिन शब्द वापरायला सुरुवात केली. आजच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन वेगळ्या आवाजांचे शब्द म्हणून येतात आणि विद्यार्थी चक्रावतात. मुळात एक दुसऱ्याचा सभ्य पर्याय होता.

ब्राँकिएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार, याचे पहिले नीट वर्णन त्यांचे. एम्फिसीमा, फुप्फुसातली सूज, न्यूमोथोरॅक्स यांची लक्षणे त्यांनी शरीररचनेशी जोडून दाखवली. यकृताच्या सिरोसिसला ते नाव दिले तेही त्यांनीच.

त्यांचे चुकले कुठे?

हृदयाच्या बाबतीत. लब-डब मधला पहिला आवाज खालचे कप्पे आकुंचन पावताना येतो, इथवर त्यांचे बरोबर होते. दुसरा आवाज वरचे कप्पे आकुंचन पावल्याने येतो असे त्यांनी लिहिले, ते चूक. आज पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल की पहिला आवाज मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा बंद होण्याचा, दुसरा एऑर्टिक आणि पल्मोनरी झडपा बंद होण्याचा.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. फुप्फुसातला, हाडातला, आतड्यातला क्षय हा एकच आजार आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले आणि ते खरे ठरले. पण तो मुख्यतः संसर्गाने पसरतो हे त्यांना पटले नाही. पॅरिसमधल्या एका मठात दहा वर्षांत जोगिणी एकामागून एक क्षयाने गेल्या, जागा भरल्या की नव्याही गेल्या. बाहेरच्या जगाशी संबंध येणारी कामे असलेल्या मोजक्या जणी वाचल्या. लेनेक यांनी दोष दिला मठातल्या खिन्न, कठोर जीवनाला. कोंदट खोल्या, एकत्र राहणे आणि खोकला डोळ्यांसमोर होता. आकडे बरोबर टिपले, निष्कर्ष निसटला. जंतू कोणी पाहिलाच नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो दाखवला २४ मार्च १८८२ रोजी, लेनेक गेल्यावर ५६ वर्षांनी. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू सापडला होता, औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ साल उजाडले.

विरोध झाला का?

झाला. ब्रुसे नावाचे लोकप्रिय डॉक्टर जवळपास प्रत्येक आजाराला दाह मानून जळवा लावत. त्यांनी लेनेक यांची टर उडवली. एक आक्षेप मात्र रास्त होता : आजार अचूक ओळखून रुग्ण बरा होतो का? त्या काळी बहुधा होत नव्हता. तरी परदेशांतून विद्यार्थी येत राहिले. लेनेक यांचे सहकारी केर्गारादेक यांनी १८२१ मध्ये गर्भवतीच्या पोटावर स्टेथोस्कोप लावला आणि बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले. प्रसूतिकक्षात आजही वापरला जाणारा कर्ण्यासारखा फीटोस्कोप हा लेनेक यांच्या दांड्याचाच वंशज. दोन्ही कानांचा स्टेथोस्कोप १८५०च्या दशकात आला.

शेवट कसा झाला?

धाकटा भाऊ मिशो १८१० मध्ये क्षयाने गेला होता, जिवलग सहकारी बेल १८१६ मध्ये. तरुणपणी शवविच्छेदन करताना क्षयग्रस्त मणक्यावर करवत चालवताना लेनेक यांचे बोट कापले होते आणि तिथे गाठ आली होती. तिचीही त्यांनी शांतपणे नोंद करून ठेवली. ग्रंथ प्रसिद्ध होताच प्रकृती ढासळली आणि ते ब्रिटनीतल्या केरलुआर्नेक या आपल्या घरी जाऊन शेती पाहू लागले. दोन वर्षांनी परतले, कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, शारिते रुग्णालयात शिकवू लागले. डिसेंबर १८२४ मध्ये जाकलिन आर्गू यांच्याशी लग्न झाले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८२६ मध्ये आली आणि त्या कामाने ते पुरते थकले.

ताप, खोकला, दम. नेकरमध्ये शेकडो वेळा लिहिलेली लक्षणे आता स्वतःची होती. पुतण्या मेरिआदेक हाही डॉक्टर. लेनेक यांनी त्याला आपल्या छातीला स्टेथोस्कोप लावायला सांगितले. डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली त्याने जे ऐकले, त्याचा अर्थ दोघांनाही समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे पोकळी होती.

ते पुन्हा केरलुआर्नेकला गेले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, त्यांनी बोटांतल्या अंगठ्या एकेक करून स्वतःच काढून ठेवल्या, असे चरित्रकार सांगतात. हे काम नंतर दुसऱ्या कोणाला करावे लागू नये म्हणून. मृत्युपत्रात पुस्तके, कागदपत्रे आणि घड्याळ मेरिआदेकच्या नावे होते, आणि या सगळ्यांहून मोलाचा म्हणून लाकडाचा स्टेथोस्कोप.