कुंडीतला वाटाणा

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सुचविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणे आणि विळी याच हाताच्या सवयीच्या. परंतु मंडळाच्या हळदीकुंकवाला दारात रांगोळी घालण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, आणि दरवर्षी कोणीतरी भगिनी विचारतेच, की ही नक्षी तुला सुचते तरी कोठून? मला कधी धड उत्तर देता आले नाही. यंदा मुलीच्या शाळेतल्या बाईंनी दिलेले एक चरित्र वाचले. त्यात मला ते उत्तर सापडले. वाचताना मनात एक दुसरीच काळजीही होती, ती शेवटी सांगेन.

हे चरित्र धुंडिराज गोविंद फाळके यांचे, म्हणजे आपण ज्यांना दादासाहेब फाळके म्हणतो त्यांचे. सिनेमाच्या मोठ्या पुरस्काराला त्यांचे नाव आहे, एवढेच मला ठाऊक होते. पण हा माणूस सिनेमाकडे वळला तो चाळिशी गाठल्यावर, आणि तोवर त्याने किती गोष्टींना हात घातला होता, हे वाचून मी थक्क झाले.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पूजाअर्चा, पोथ्या, पुराणे. मुलाने शास्त्री व्हावे अशीच त्या घरची रीत. पण याचा ओढा चित्राकडे. वडिलांना मुंबईस अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब तिकडे गेले, आणि १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, इमारतींचे आराखडे आणि फोटोची कला असे सारे शिकले. तेथील प्रमुख गज्जर यांनी या मुलाची धडपड पाहून कलाभवनातला फोटो काढण्याचा विभाग आणि प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. शिकणाऱ्याला वेळीच एक खोली आणि दोन वस्तू मोकळ्या करून देणारे माणूस भेटणे, हे मोठेच भाग्य म्हणायचे.

त्यांनी गोध्र्याला फोटोचे दुकान घातले. तेथे प्लेगने घाला घातला आणि १९०० च्या सुमारास पत्नी व मूल दोन्ही गेली. पुन्हा बडोद्यास येऊन फोटोचा धंदा केला, तर यंत्राने माणसाची शक्ती ओढून घेतली जाते या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. जादू शिकले आणि प्रोफेसर केळफा या नावाने खेळ केले. फाळके हे नाव उलटे वाचले की केळफा होते! इतके दुःख सोसूनही अंगातली गंमत सुकली नव्हती.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. कऱ्हाडकर नव्हे, करंदीकरांच्या घरची ही मुलगी सासरी सरस्वती झाली. वयाने पुष्कळ लहान. भगिनींनो, हे चरित्र दादासाहेबांचे असले तरी यापुढे प्रत्येक पानावर ही बाई उभी आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९०३ पासून काही काळ ते सरकारच्या पुराणवस्तू खात्यात फोटो काढण्याची आणि आराखडे काढण्याची नोकरी करीत होते. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाईचा स्वतंत्र उद्योग थाटला. लोणावळे म्हणजे आपल्या मुळशीला लागून असलेले मावळ. तेथून जवळच मळवलीला राजा रविवर्म्याच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता, आणि फाळके त्याच्यासाठी काम करीत. हाताने रंगविलेले एक चित्र दगडावर उतरवून त्याच्या हजारो प्रती काढायच्या, प्रत्येक रंगाचा छाप वेगळा, असे ते किचकट काम. आपल्या आज्यांच्या देवघरात लक्ष्मी, सरस्वती, राम यांची जी चित्रे होती, ती या छापखान्याची किंवा त्यांच्या वळणाची. कमळावर उभी लक्ष्मी डोळे मिटले की जशी दिसते, ती तशी दिसते ती या छापील चित्रांमुळे. हे वाचल्यापासून मी आमच्या देवघरातली तसबीर पुसताना जरा थांबते. डोंगरापलीकडे कोणीतरी काळे झालेले हात घेऊन रंगावर रंग चढवीत होते, याची आठवण होते.

पुढे हा उद्योग मुंबईस दादरला गेला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. काम उत्तम चालले, पण भागीदारांशी पटेना. तेव्हा ते एक दिवस हात झटकून बाहेर पडले. पदरी मुलेबाळे आणि हाती काही नाही.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, मुंबईत एका तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. परक्या देशाचा देव पडद्यावर चालताना पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम आणि कृष्ण येऊ लागले. दुसऱ्या वेळी ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. आता पाहा, ती गर्दी तोच पडदा पाहत होती. त्यांतल्या याच एका माणसाला असे का दिसावे? माझ्या मते याचे कारण ते मागचे सारे उद्योग. घरातली पुराणे, शाळेतले चित्र, गोध्र्याचा फोटो, नाटकाचा पडदा, जादूची हातचलाखी, मळवलीच्या देवांचे रंग. एकेक गोष्ट करताना ती वाया गेल्यासारखी वाटली असेल, पण आत साठा होत होता. त्या रात्री सारे एकदम उगवले. सुचणे म्हणतात ते असे असावे. आभाळातून ते पडत नाही. आधी पेरलेले असावे लागते.

मग त्यांनी ध्यासच घेतला. रोज तासन् तास सिनेमे पाहावेत, घरी येऊन फिती तपासाव्यात, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचारांनी दृष्टी परत आली. नातेवाईकांना वाटले, यांचे डोके फिरले. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस गेले. तेथून कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून १ एप्रिलला परतले.

आता माझ्या लेखाचे नाव ज्यावरून दिले ती गोष्ट. यंत्रे आली, पण एवढा मोठा चित्रपट करायला पैसा कोण देणार? नुसत्या बोलण्यावर विश्वास कोणाचा बसणार? तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. त्यापुढे कॅमेरा पक्का बसविला आणि महिन्यावर दिवस रोज थोडी थोडी फीत घेतली. कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला. हे सारे जोडून दाखविले तेव्हा महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांदेखत झाली. पाहणाऱ्यांना तो चमत्कारच वाटला आणि कर्ज मिळाले.

भगिनींनो, वाटाणा काय आपण पाहत नाही? आठवड्यातून दोनदा आपण कडधान्याला मोड आणतो. फडक्यात बांधतो, सकाळी सोडतो, फोडणीला टाकतो. कोंब कसा वळतो इकडे आपली नजर जात नाही, कारण डब्याची घाई असते. त्या माणसाने ती नजर दिली, इतकाच फरक.

पैसा अजून अपुराच होता. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. तेवढ्यावर त्यांचे काम संपले नाही. विलायतेहून येणारी कोरी फीत भोकांशिवाय असे. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या दोन्ही कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, फीत धुणे हे सारे त्या शिकल्या. उन्हात चित्रण चाले तेव्हा नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तास तास उभ्या राहत. आणि हे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. तोही मदतनिसाशिवाय. आपल्यापैकी जिने लग्नघरी पंगत उठविली आहे, तिला यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

राजा हरिश्चंद्र हे कथानक ठरले, पण तारामतीचे काम करायला बाई मिळेना. सिनेमात काम करणे त्या काळी फार कमीपणाचे मानीत. शेवटी एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा साळुंके नावाचा नाजूक अंगलटीचा तरुण तारामती झाला. रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हणण्याची चोरी, म्हणून ही मंडळी हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगत. याच नावाचा मराठी चित्रपट २००९ साली निघाला, तो आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला आणि देशात सिनेमाचा पाया पडला.

नंतर ते नाशिकास गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली, म्हणजे बायकांनी ती वाट उघडली. १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाला. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची लहानगी मंदाकिनी. पैसा आला, नाव झाले.

पण इथेच चरित्र संपविले तर मी खोटेपणा केला असे होईल. पैसा आला तसा पुढच्या चित्रात गेला. नव्या कंपनीत भागीदारांशी पुन्हा बिनसले, ते सारे सोडून काशीस जाऊन राहिले, परत आले. तोवर काळ पुढे गेला होता. बोलपट आले. गंगावतरण हा त्यांचा एकच बोलपट १९३७ साली कोल्हापुरास झाला. शेवटचे दिवस नाशिकास ओढगस्तीत गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते वारले. त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे उरले. राजा हरिश्चंद्रचा काही भाग आपल्या पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.

हे वाचताना मला राग आला, हे कबूल करते. घर चालविणाऱ्या बाईला असा माणूस परवडतो का? सरस्वतीबाईंनी दिलेले सोने एकदा गेले ते गेले, आणि संसाराचा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. तिच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे आहे. ती जागा आपली असती तर?

आणि आता ती काळजी. आमची मुलगी यंदा दहावी झाली. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत उतरली आहे आणि पुण्यास चित्रकला शिकायची म्हणते. घरातून विरोध झाला. हे पिरंगुटला कंपनीत जातात. त्यांचे म्हणणे, नोकरी लागेल असे काही शिकावे. त्यांचेही चूक नाही. मीही गप्पच होते. फीचा प्रश्न आला की माझ्या हातातल्या पाटल्यांकडे माझेच लक्ष जाई.

पुस्तक वाचून झाल्यावर एक दिवस मी तेलाच्या रिकाम्या डब्यात वाल पेरले आणि मुलीला म्हटले, रोज सकाळी याचा एक फोटो काढ, डबा आणि मोबाईल हलवायचा नाही. तिने ओट्याच्या कट्ट्यावर खडूने खुणा केल्या. बावीस दिवस एक सकाळ चुकविली नाही. एकदा ताप होता तरी उठली. सारे जोडून तिने रात्री दाखविले. दोन पाने हात जोडल्यासारखी वर आली आणि उघडली. सासूबाईंनी तीनदा पाहिले. साठ वर्षे वाल पेरले, पण उगवताना आजच पाहिला, असे त्या म्हणाल्या. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डबा उन्हात सरकवून ठेवला तो त्यांनीच.

प्रवेशाचा अर्ज भरला आहे. पाटल्या अजून हातात आहेत. त्या काढायची वेळ आली तर मी डोळे उघडे ठेवून काढीन, आणि मुलीलाही सांगेन की सुचणे जितके शिकायचे तितकाच हिशेबही शिकायचा. दादासाहेबांकडून पहिले घ्यावे आणि सरस्वतीबाईंच्या वाट्याला आलेल्या कष्टांवरून दुसरे.

यंदाच्या हळदीकुंकवाला दारात वालाच्या वेलाची रांगोळी घालणार आहे. नक्षी कोठून सुचली, हे आता कोणी विचारायला नको.