कर्मवीरांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई

बाहुबली डोंगरामुळे जैन समाजास सुपरिचित असलेल्या कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. जुन्या वळणात वाढलेल्या धर्मपत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घातले. धान्यास पैसा उरला नाही, तेव्हा अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही त्यांनी काढून दिले. या माउलीचे स्मरण आपल्याकडे फारच थोडे होते! कर्मवीरांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले. लक्ष्मीबाई १९३० सालीच निवर्तल्या होत्या.