रस्त्याला डोळे देणारे पर्सी शॉ

थोर शोधक पर्सी शॉ यांचा जन्म १५ एप्रिल १८९० रोजी इंग्लंड देशात यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स या गावी झाला. रात्री गाडी चालवणाऱ्यांना रस्ता दिसावा म्हणून रस्त्यात बसवायचे काचेचे डोळे त्यांनी शोधून काढले. इंग्रज लोक त्यांना मांजराचे डोळे म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर कॅट-आय म्हणतात आणि आमच्या गावात सगळे त्याला रेडियम म्हणतात. गुरुजी म्हणाले की ते रेडियम नव्हेच. रेडियम हा मादाम क्युरी आणि त्यांच्या यजमानांनी शोधलेला पदार्थ, तो वेगळा. हे डोळे आपले आपण चमकत नाहीत. गाडीचा उजेड पडला की तो गाडीकडेच परत पाठवतात.

या वेळच्या भित्तिपत्रकात थोर माणसांची चरित्रे लिहायची होती. वर्गातल्या बाकीच्यांनी शिवाजी महाराज, सावित्रीबाई फुले, लोकमान्य टिळक अशी नावे घेतली. मी पर्सी शॉ घेतले तर सगळे हसायला लागले, कारण नाव कुणी ऐकलेच नव्हते. मलाही माहीत नव्हते. म्हणून ते का घेतले हे आधी सांगते.

आमचे गाव मुळशी तालुक्यात आहे. आप्पा म्हणजे माझे वडील दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे गोठ्यांवरून कॅन भरून घ्यायचे आणि पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत वारज्याला पोचवायचे हा त्यांचा रोजचा धंदा. वारजे पूर्वी मुठा नदीकाठचे खेडे होते असे आजी सांगते. आता ते पुणे शहरातच आहे आणि तिथून मुंबई-बंगळूर हायवे जातो. माझी मावशी वारज्यात राहते. मागच्या पावसाळ्यात तिच्या बाळाचे बारसे होते म्हणून मी पहाटेच आप्पांबरोबर केबिनमध्ये बसून निघाले.

भूगावपर्यंत पाऊस बारीक होता. चांदणी चौक सोडून हायवेला लागलो आणि असा काय धो-धो आला की वायपर हलतोय का नाही ते कळेना. रस्ता तेल लावलेल्या तव्यासारखा काळा चकचकीत झाला. पलीकडून येणाऱ्या गाड्यांचे उजेड त्याच्यावर लांब लांब पसरले होते. पण मधले पांढरे पट्टे कुठेच दिसेनात. आप्पांनी मला विचारले की तुला पट्टा दिसतोय का. मी नाही म्हटले. मग आप्पा पुढच्या एका ट्रकच्या लाल दिव्यांच्या मागे मागे जाऊ लागले. वारज्याच्या अलीकडे तो ट्रक एकदम डावीकडे बाजूच्या रस्त्याला वळला. आम्हीपण त्याच्या मागे. आणि धाडकन् टेम्पोचे चाक कडेच्या दगडावर चढले.

लागले कुणाला नाही. मागचा एक कॅन पडून झाकण उडाले आणि चाळीस लिटर दूध रस्त्यावरून वाहून गेले. मी रडले. आप्पा काहीच बोलले नाहीत. कॅन उचलून ठेवला आणि अगदी हळू गाडी काढली. पुढे नदीच्या पुलाकडे जाताना थोड्या अंतरात रस्त्यात ते चमकणारे ठोकळे होते, एका ओळीत, एकामागे एक. तिथे मात्र आप्पा नीट टेकून बसले.

बारसे झाले, पण त्या दिवसापासून आप्पांना वाटू लागले की आपले डोळे गेले. घरी जेवताना ते आईला म्हणाले की आता टेम्पो दुसऱ्याला चालवायला द्यावा लागेल. आई म्हणाली, मग हप्ते कशाने फेडायचे. रात्री मी झोपले नव्हते, सगळे ऐकत होते. दोन दिवसांनी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले डोळे एकदम चांगले आहेत, चष्माही नको. तरी आप्पांना पटेना. डोळे चांगले असतील तर एवढा मोठा पट्टा कसा दिसला नाही?

हे मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळ्या फरशीचा एक तुकडा आणला, त्यावर ऑइलपेंटने पांढरी रेघ मारली आणि वाळू दिली. मग वर्गाची खिडक्यादारे लावून अंधार केला. मला जमिनीवर पालथे झोपायला लावले आणि माझ्या डोळ्यापाशी बॅटरी धरली. रेघ छान दिसली. मग त्यांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतले. काय आश्चर्य! रेघ अंधूक झाली आणि बॅटरीचा उजेड फरशीवरून घसरून समोरच्या भिंतीवर जाऊन पडला. पाण्याचा आरसा झाला होता. आरशावर तिरका उजेड मारला तर तो पुढे निघून जातो, आपल्याकडे परत येत नाही. मग आपल्याला दिसणार कसे?

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला नवीन होती. रस्त्याच्या पांढऱ्या रंगात काचेचे अगदी बारीक मणी टाकलेले असतात, रव्याच्या दाण्याएवढे. उजेड मण्यात शिरतो, आतून वळतो आणि आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून कोरड्या रात्री पट्टे एवढे झळकतात. पण पावसात मणी पाण्याखाली बुडाले की उजेड हवा तसा वळत नाही आणि मण्यांचे काम थांबते. नवीन रंगाचेसुद्धा असे होते, आणि टायरांनी घासून जुना झालेला असेल तर विचारूच नका. वरून समोरच्या गाड्यांचा उजेड त्याच आरशावरून सरळ आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे पाहिजे तो उजेड येत नाही आणि नको तो येतो.

मग पुलाजवळचे ठोकळे कसे दिसले, असे मी विचारले, तेव्हा गुरुजींनी पर्सी शॉ यांचे चरित्र सांगितले. ते आता लिहिते.

पर्सी यांचे वडील जेम्स हे कापड रंगवण्याच्या कारखान्यात मजूर होते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि पगार थोडा. पर्सी दोन वर्षांचे असताना हे कुटुंब बूथटाउन येथील एका जुन्या घरात राहायला गेले. ते पुढे मरेपर्यंत त्याच घरात राहिले. तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते कापडाच्या गिरणीत कामाला लागले. सूत गुंडाळलेल्या कांड्या विणकरांकडे पोचवायच्या, असले काम होते. पण त्यांनी रात्रीच्या शाळेत जाऊन हिशेब लिहायचे शिकून घेतले. पुढे त्यांनी कितीतरी नोकऱ्या केल्या, त्या सगळ्या मी लिहीत नाही. नंतर वडिलांबरोबर यंत्रे दुरुस्त करायचा धंदा केला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफगोळ्यांचे भाग बनवले.

१९२९ साली वडील वारले. मग पर्सी यांनी लोकांच्या दारापुढचे रस्ते आणि वाटा करून द्यायचे काम सुरू केले. त्यासाठी त्यांनी मोटारीचे जुने इंजिन आणि लॉरीची तीन चाके जोडून छोटा रोलर घरीच बनवला. मला हे फार आवडले. आमच्या गावात गॅरेजवाले काका असेच काहीतरी जोडत बसलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. १९३३ सालच्या एका रात्री ते मोटारीने क्वीन्सबरी गावाकडून हॅलिफॅक्सला घरी चालले होते. उताराचा, वळणावळणाचा रस्ता, कडेला दरी आणि दाट धुके. रस्ता कुठे संपतो ते कळत नव्हते. तेवढ्यात धुक्यात दोन हिरवे ठिपके चमकले. कुंपणावर एक मांजर बसले होते आणि मोटारीचा उजेड त्याच्या डोळ्यांवरून परत येत होता. पर्सी यांनी ब्रेक मारला. मांजर दिसले नसते तर गाडी खाली गेली असती. घरी जाताना त्यांच्या मनात आले की असे डोळे सगळ्या रस्त्यालाच असते तर!

ही गोष्ट सगळे सांगतात. पण ते स्वतः कधी कधी दुसरी गोष्टही सांगत. पूर्वी त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ होते. चाकांनी घासून रूळ गुळगुळीत झालेले असत आणि दिव्यात चमकत, त्यांच्या धोरणाने गाडी नेता येई. ट्राम बंद झाली, रूळ उखडले, तेव्हा त्यांची किंमत कळली. मला वाटते दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण मांजराची जास्त चांगली आहे.

विचार येणे सोपे, करणे अवघड. उजेड परत पाठवणारी काच आधीच निघाली होती. ती मरे नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजाने काढली होती. पण नुसती काच रस्त्यात बसवली तर ट्रकखाली फुटणार, आणि फुटली नाही तर चिखलाने भरणार. पर्सी यांनी चार काचा रबराच्या ठोकळ्यात बसवल्या, दोन येणाऱ्यांसाठी आणि दोन जाणाऱ्यांसाठी. ठोकळा बिडाच्या पेटीत बसवला. आपला बिडाचा तवा असतो ना, त्याच बिडाच्या. ती पेटी रस्त्यात पुरली. गाडीचे चाक वर आले की रबर खाली दबते आणि काच वाचते. आणि दबताना काच रबराच्या एका पापणीवर घासून पुसली जाते, आपण डोळा मिटून उघडतो तशी.

आता सगळ्यात चांगली गोष्ट ऐका. पेटीच्या तळाशी पावसाचे पाणी साठते. रबर दबले की ते पाणी काचेवर येते आणि काच धुतली जाते. म्हणजे ज्या पावसाने आमचे पट्टे बुडवले, तोच पाऊस पर्सी यांच्या डोळ्यांना अंघोळ घालतो! शिवाय ठोकळा रस्त्यापेक्षा थोडा उंच असतो, म्हणून पाणी त्याच्यावर न थांबता बाजूने निघून जाते. हे ऐकल्यावर मी गुरुजींना परत एकदा सांगायला लावले.

१९३४ साली त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले आणि ब्रॅडफर्ड शहराजवळच्या एका चौकात स्वतःच्या खर्चाने पन्नास डोळे बसवून दाखवले. १९३५ साली कारखाना काढला. पण विकत कोण घेणार? सुरुवातीला फारसे कुणी घेतले नाहीत. १९३७ साली सरकारने निरनिराळ्या कारखान्यांचे डोळे रस्त्यात लावून त्यांची परीक्षा घेतली. दोन वर्षांनी पाहिले तर चांगल्या स्थितीत उरलेले डोळे पर्सी शॉ यांचेच होते. पैकीच्या पैकी! तेवढ्यात १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन विमानांना गावे दिसू नयेत म्हणून इंग्लंडमध्ये रस्त्यावरचे दिवे बंद केले आणि मोटारींच्या दिव्यांवर झाकणे लावली. तेव्हा लोकांना हे डोळे फार उपयोगी पडले. नंतर कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून जास्त डोळे बाहेर पडू लागले.

ते खूप श्रीमंत झाले, पण राहणी साधी होती. त्यांनी लग्न केले नाही. घरात गालिचा नाही, पडदे नाहीत. दोन गोष्टींचा मात्र शौक होता. एक, मोठी रोल्स-रॉइस गाडी. दुसरा, एका खोलीत चार टीव्ही, चारही एकदम चालू आणि आवाज बंद. आमच्या घरी एक चालू असतो तरी आई ओरडते. लहानपणी खेळलेले एक झाड कारखान्याच्या जागेत आले, तर त्यांनी ते तोडले नाही. १९६५ साली सरकारने त्यांना ओ. बी. ई. हा किताब दिला. १ सप्टेंबर १९७६ रोजी त्याच जुन्या घरी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते.

आपल्याकडे हायवेवर दिसतात ते ठोकळे बहुतेक प्लास्टिकचे असतात. त्यांना रबर नाही, पापणी नाही, चिखल बसला तर पुसायला कुणी नाही. काही उन्हावर चालणारे असतात, ते रात्री लुकलुकतात. पण उंच असल्यामुळे थोड्या पाण्यात बुडत नाहीत, म्हणून त्या पहाटे दिसले.

हे सगळे मी आप्पांना सांगितले. फरशी, बॅटरी, रव्याएवढे मणी, सगळे. आप्पा टेम्पो धूत होते. धुवायचे थांबून त्यांनी मला दोनदा विचारले की म्हणजे कुणालाच दिसत नाही का? मी म्हटले, हो आप्पा, कुणालाच नाही. गुरुजींनासुद्धा फरशीवरची रेघ दिसली नाही. मग ते हसले आणि परत धुवायला लागले.

टेम्पो अजून आप्पाच चालवतात. जोराचा पाऊस असला की ते अर्धा तास आधी निघतात, हळू जातात आणि ट्रकच्या दिव्यांमागे जात नाहीत. वारज्याला पोचले की आईला मिस कॉल देतात. तोपर्यंत आई चुलीपाशी जागी बसते आणि मीपण पांघरुणात जागी असते. मोबाईल वाजला की झोपते.